गोळी ‘लागते’ म्हणजे नेमकं काय होतं: लेव्होडोपाची पोटापासून मेंदूपर्यंतची वाट

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६८ वर्षांचे, गेली ६ वर्षं पार्किन्सन्स. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी दिवसातून चार वेळा चालू आहे. सकाळची गोळी अर्ध्या-पाऊण तासात लागते, म्हणजे अंग मोकळं होतं. दुपारची मात्र कधी दीड तासानं लागते, कधी लागतच नाही. घरातल्या कुणीतरी सुचवलंय की हे औषध खाजकुयलीच्या बियांमध्ये मुळातच असतं, तर गोळी बंद करून बियांचं चूर्ण द्यावं, नैसर्गिक आहे म्हणजे त्रास नाही. शिवाय अलीकडे लघवी काळपट दिसते, तर गोळीनं मूत्रपिंडं खराब होताहेत का?

प्रश्न तीन असले तरी उत्तर एकाच वाटेवर सापडतं. लेव्होडोपाचा रेणू तोंडातून मेंदूपर्यंत कसा जातो, वाटेत कुठे अडतो, कुठे खर्च होतो आणि शेवटी बाहेर कुठून पडतो, एवढं डोळ्यांसमोर आलं की दुपारची गोळी का रुसते तेही कळतं आणि चूर्णाचं काय करायचं तेही. बावीस वर्षं मी मेंदूविकारांचे रुग्ण तपासतोय. ‘गोळी लागत नाही’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच जणांना जास्त ताकदीची गोळी नको असते, वेगळी वेळ हवी असते. हे मलाही उशिराच उमगलं. सुरुवातीच्या काळात मीदेखील आधी डोस वाढवायचो आणि जेवणाची वेळ नंतर विचारायचो.

आधी या रेणूची जात पाहू, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं. लेव्होडोपा हे अमिनो आम्ल आहे. प्रथिनं म्हणजे माळ धरली तर तिचे सुटे मणी म्हणजे अमिनो आम्लं: टायरोसिन, ल्युसीन, फिनाइलअलानिन वगैरे. लेव्होडोपा त्यांचं सख्खं भावंड. टायरोसिनला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी जास्तीची चिकटली की झाला लेव्होडोपा. काही वनस्पती तो आपल्या बियांत साठवतात आणि त्यामुळे किडी त्या बियांपासून लांब राहतात. आपलं शरीर मात्र त्याला औषध म्हणून ओळखतच नाही. ते त्याला जेवणातलाच एक घटक समजतं, त्याच दारातून आत घेतं आणि त्याच रांगेत उभं करतं.

१९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या रोश कंपनीत मार्कुस गुगेनहाइम या रसायनशास्त्रज्ञानं बाकल्याच्या झाडापासून हा रेणू वेगळा काढला. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यानं तो स्वतःवरच करून पाहिला. अडीच ग्रॅम गिळले आणि भयंकर उलट्या झाल्या. त्यापलीकडे काही घडलं नाही, म्हणून हा पदार्थ निरुपयोगी ठरवून बाजूला पडला. खाजकुयलीच्या बियांतून तो १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी यांनी वेगळा केला. गुगेनहाइमच्या उलट्यांचा खुलासा पुढे येईलच. वाटेतला सगळ्यात मोठा खड्डा त्यांच्यातच लपलेला आहे.

आता गोळीबरोबर निघू. ती घशाखाली उतरली की जठरात पडते. इथे लेव्होडोपा जवळजवळ शोषलाच जात नाही. जठर म्हणजे नुसती वाट पाहायची खोली, आणि तिचं दार उघडणं गोळीच्या हातात नाही. जठर रिकामं असेल तर गोळी पाण्याबरोबर थोड्याच वेळात पुढे सरकते. भरलेलं असेल, त्यातही जेवण तेलकट-तुपकट असेल, तर ते आपल्या चालीनं थोडं थोडं पुढे ढकलतं आणि गोळीला थांबावं लागतं. पार्किन्सन्समध्ये हे दार मुळातच मंदावलेलं असतं. हा आजार फक्त हाता-पायांचा नाही, पचनमार्गाच्या मज्जातंतूंनाही तो धरतो. बद्धकोष्ठ तर बऱ्याचदा कंप सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून असतं. पोट साफ नसलं की गोळी उशिरा लागते असं रुग्ण सांगतात, ते खोटं नसतं. जठरात गोळी नुसती वाट पाहते असंही नाही. पार्किन्सन्समध्ये मेंदूला जे रसायन कमी पडतं ते डोपामिन, आणि लेव्होडोपा हा त्याचा कच्चा माल. लेव्होडोपाचं डोपामिनमध्ये रूपांतर करणारं एन्झाइम जठराच्या अस्तरातही असतं, त्यामुळे जितका उशीर तितकी गळती.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक यायचे. दुपारी जेवण झालं की लगेच, हात धुवून, वर दोन घोट पाण्याबरोबर गोळी घ्यायचे. ती लागली की नाही हे ते घड्याळावर बघत नसत. सदऱ्याचं वरचं बटण लावून बघायचे. बोटांना ते काज सापडलं की म्हणायचे, ‘लागली’. एकदा मी त्यांना दवाखान्यातच बसवून ठेवलं. सकाळी उपाशीपोटी गोळी आणि पेलाभर पाणी. पस्तिसाव्या मिनिटाला बटण लागलं. दुसऱ्या दिवशी तीच गोळी भरपेट जेवणावर. दीड तास ते बटणाशी झटापट करत राहिले; खालचं लागलं, वरचं काही लागलं नाही. गोळी तीच, ताकद तीच, माणूसही तोच. त्या दोन दिवसांनी मला जेवढं शिकवलं तेवढं शिकायला एरवी बरीच वर्षं लागली असती.

जठराच्या पलीकडे लहान आतड्याचा पहिला भाग, म्हणजे ग्रहणी आणि तिच्या पुढचा थोडा पट्टा. लेव्होडोपाचं खरं शोषण होतं ते इथे. आतड्याच्या भिंतीत अमिनो आम्लं उचलून रक्तात सोडणारी वाहक प्रथिनं असतात. हमालच म्हणा. ते लेव्होडोपाला उचलतात कारण तो त्यांच्या ओळखीच्या मालासारखा दिसतो. हा पट्टा लहान आहे आणि गोळी तिथून एकदा पुढे सरकली की संधी गेली. जठरात अडकून थेंबाथेंबानं आलेला लेव्होडोपा रक्तात उंच शिखर गाठूच शकत नाही, आणि आजार जुना झालेल्या माणसाला ते शिखर लागतं.

याच पट्ट्यात दोन भुरटे चोर आहेत. पहिला लोह. रक्तवाढीसाठी दिलेली लोहाची गोळी सोबत घेतली की लोह लेव्होडोपाला घट्ट धरून ठेवतं आणि शोषण बरंच घटतं. एका बाईंची गोळी महिनाभर अचानक ‘मेली’ होती. दुसऱ्या डॉक्टरांनी लोह सुरू केलं होतं आणि दोन्ही गोळ्या सोयीसाठी एकाच डबीत, एकाच खणात ठेवलेल्या. दोन तासांचं अंतर ठेवलं आणि प्रश्न मिटला. दुसरा चोर जिवंत आहे. आतड्यातले काही जिवाणू, विशेषतः एंटेरोकॉकस फीकॅलिस, लेव्होडोपाचं तिथल्या तिथे डोपामिन करून टाकतात. २०१९ साली हे नीट दाखवून दिलं गेलं. त्यातली मेख अशी की आपण माणसाच्या एन्झाइमला रोखायला कार्बिडोपा देतो, पण जिवाणूंचं एन्झाइम वेगळ्या घडणीचं असल्यानं ते कार्बिडोपाला फारसं जुमानत नाही. पण म्हणून उगाच प्रतिजैविकं घेऊ नका; यावर अजून रोजच्या वापरातला उपाय नाही.

रक्तात शिरला म्हणजे झालं असं वाटतं. खरी लूट इथूनच सुरू होते. डीकार्बोक्सिलेज नावाचं एन्झाइम आतड्याच्या भिंतीत, यकृतात, मूत्रपिंडात, जवळजवळ सगळीकडे असतं. ते लेव्होडोपाचा एक तुकडा कापतं आणि डोपामिन तयार करतं. आपल्याला डोपामिनच हवंय, पण मेंदूत. मेंदूबाहेर बनलेलं डोपामिन मेंदूत शिरू शकत नाही. उलट्या करवतं, रक्तदाब पाडतं, हृदयाचे ठोके बिघडवतं. गुगेनहाइमच्या उलट्या त्यातल्याच. मेंदूच्या तळाशी वांतीचं जे संवेदनकेंद्र आहे, तिथल्या रक्तवाहिन्यांना संरक्षक पडदाच नाही. रक्तात विष आलं तर लगेच कळावं आणि उलटून टाकता यावं, अशी ही निसर्गाची सोय. रक्तातलं डोपामिन तिथे सहज पोचतं आणि केंद्र समजतं, विषबाधा झाली.

नुसता लेव्होडोपा दिला तर तोंडावाटे घेतलेल्यापैकी मेंदूत पोचतो तो जेमतेम एक टक्का. १९६७ साली जॉर्ज कोट्झियास यांनी अमेरिकेत पार्किन्सन्सचे रुग्ण खरोखर उभे करून दाखवले, तेव्हा हीच गळती भरून काढायला रोजचे कित्येक ग्रॅम द्यावे लागत होते, तेही हळूहळू वाढवत. माणसं चालू लागली, पण मळमळीनं बेजार झाली. मग कार्बिडोपा आला. हा डीकार्बोक्सिलेजला अडवून धरतो, पण स्वतः मेंदूत जाऊ शकत नाही. मला औषधशास्त्रातली ही सगळ्यात देखणी युक्ती वाटते. ज्या पहारेकऱ्याला घरात प्रवेश नाही त्यालाच बाहेर उभं केलं. बाहेरची लूट थांबली आणि घरातलं काम मात्र बिनधास्त चालू राहिलं. लेव्होडोपाचा डोस साधारण तीन-चतुर्थांशानं उतरला. १९७५ पासून ही जोडगोळी अमेरिकेत मिळू लागली आणि आजही जगभर तीच चालते.

कार्बिडोपाबद्दल एक बारकावा. शरीरभरचं हे एन्झाइम पुरेसं रोखायला दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतो. अगदी लहान डोसवर असलेल्या माणसाला मळमळ होते ती बहुतेक वेळा लेव्होडोपा जास्त झाल्यानं नाही, कार्बिडोपा कमी पडल्यानं. आणि ब-६ जीवनसत्त्व याच एन्झाइमचा मदतनीस आहे. कार्बिडोपाशिवाय लेव्होडोपा घेणाऱ्याला ब-६ची गोळी दिली तर परिणामच नाहीसा होतो, हे साठ-सत्तरच्या दशकातच कळलं होतं. जोडगोळी घेणाऱ्याला ती चिंता फारशी नसते. चूर्ण घेणाऱ्याला असते.

आता मेंदूचं दार. मेंदूतल्या केशवाहिन्यांची एकूण लांबी सुमारे ६०० किलोमीटर भरते. एवढ्या सगळ्या नळ्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की मधल्या फटीतून रेणू सरकत नाही. याला आम्ही ब्लड-ब्रेन बॅरियर म्हणतो. चरबीत विरघळणारे छोटे रेणू या पेशींच्या अंगातूनच आरपार जातात. निकोटीन, कॅफीन ही मंडळी तशी आहेत, म्हणून ती लवकर चढतात. डोपामिन तसं नाही, लेव्होडोपाही नाही. लेव्होडोपाला न्यायला तिथे एक वाहक आहे, लॅट-१ नावाचा. मोठ्या अमिनो आम्लांना मेंदूत नेणं हे त्याचं काम.

दुपारच्या गोळीचं कोडं मुख्यतः इथेच सुटतं. आतड्यातल्या हमालांकडे जागा मुबलक असते, त्यामुळे तिथली रेटारेटी एकवेळ खपून जाते. मेंदूच्या दारावरचा लॅट-१ मात्र रोजच्या रोज, साध्या उपाशी अवस्थेतही, जवळजवळ भरलेलाच असतो. ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन, फिनाइलअलानिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन हे सगळे त्याच खुर्च्यांसाठी आलेले. प्रथिनांचं भरपूर जेवण झालं की रक्तात त्यांचा पूर येतो आणि लेव्होडोपाला खुर्ची मिळत नाही. १९८४ साली जॉन नट आणि सहकाऱ्यांनी हे फार सुंदर दाखवलं. त्यांनी लेव्होडोपा थेट शिरेतून संथपणे चालू ठेवला, म्हणजे जठर आणि आतड्याचा प्रश्नच मिटला. रक्तातली पातळी स्थिर, रुग्ण मोकळा. मग त्याला प्रथिनयुक्त जेवण दिलं, आणि रक्तातली पातळी तशीच असताना रुग्ण पुन्हा जखडला. औषध दाराशी उभं होतं, आत जाता येत नव्हतं, एवढंच.

म्हणजे तुमच्या वडिलांच्या दुपारच्या गोळीला दोन ठिकाणी अडवलं जातंय: जठरात जेवणाच्या गर्दीनं आणि मेंदूच्या दारात प्रथिनांच्या गर्दीनं. सकाळी दोन्ही वाटा त्यातल्या त्यात मोकळ्या असतात. रात्रभराच्या उपासानं रक्तातली अमिनो आम्लंही उतरलेली असतात. गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास, किंवा जेवणानंतर दीड-दोन तासांनी, पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यायला सांगा. घोटभर पाणी नको, आणि आडवं पडून तर नकोच. मळमळ होत असेल तर सोबत कोरडं, पिठूळ काहीतरी चालेल. दूध नको, कारण त्यात प्रथिनं आहेत.

हे वाचून कुणी वडिलांची प्रथिनंच बंद केली तर माझी झोप उडेल. पार्किन्सन्समध्ये वजन आणि स्नायू आधीच उतरत असतात. प्रथिनं कमी करायची नसतात, सरकवायची असतात. दिवसाची मोठी वाटणी रात्रीच्या जेवणात, जेव्हा हालचालीची निकड कमी असते. तेही सगळ्यांनाच लागत नाही. ज्यांची गोळी जेवणानं खरोखर बिघडते त्यांनाच, आणि आहारतज्ज्ञाला विचारून.

मेंदूत शिरलेल्या लेव्होडोपाचं पुढे तेच होतं जे बाहेर नको होतं: डीकार्बोक्सिलेज त्याचं डोपामिन करतं. ते तयार झालं की चेतापेशी त्याला छोट्या पिशव्यांत भरून ठेवते आणि लागेल तसं सोडते. या पिशव्यांचं महत्त्व एका दुसऱ्या वनस्पतीनंच दाखवून दिलं, हा मला नेहमी गमतीचा योगायोग वाटतो. सर्पगंधेतलं रेसर्पिन या पिशव्या रिकाम्या करतं. अर्विद कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रेसर्पिन दिलं. ससे निश्चल, कान पडलेले. मग लेव्होडोपा टोचला आणि ससे उठून बसले. एका झाडानं जे काढून घेतलं ते दुसऱ्या झाडात सापडलेल्या रेणूनं परत दिलं. या कामासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

आजाराच्या पहिल्या काही वर्षांत बऱ्याच पेशी शिल्लक असतात, पिशव्याही असतात. तेव्हा गोळीची वेळ चुकली तरी साठ्यावर भागतं. पुढे पेशी कमी होतात, साठवण संपते. लेव्होडोपाचं रूपांतर मग सेरोटोनिन हे दुसरंच रसायन बनवणाऱ्या पेशींसारखी मंडळी करतात, पण त्यांना तयार झालेलं डोपामिन जपून सोडता येत नाही. मेंदू मग गोळी ते गोळी जगतो. रक्तात पातळी चढली की माणूस मोकळा, उतरली की जखडला. सहा वर्षांनंतर तुमच्या वडिलांना वेळेचा फरक जाणवू लागलाय तो यामुळे. सुरुवातीला तीच गोळी, तेच जेवण आणि काहीच बिघडत नव्हतं ना? वाट तेव्हाही अशीच होती, पण गोदाम भरलेलं होतं.

आता निर्गमन. नुसत्या लेव्होडोपाची रक्तातली अर्धायु तासाभराची, कार्बिडोपासोबत साधारण दीड तास. म्हणजे दर दीड तासाला रक्तातली पातळी निम्मी. चार-पाच तासांत फारसं काही उरत नाही, आणि ‘पुढची गोळी येईपर्यंत पाय जड होतात’ ही तक्रार त्याच हिशेबाची आहे. कार्बिडोपानं मुख्य दार बंद केलं की शरीर मागचं दार वापरतं: कॉम्ट नावाचं एन्झाइम लेव्होडोपाला मिथाइल गट जोडून ३-ओ-मिथाइलडोपा बनवतं. हा पदार्थ काही कामाचा नाही, पण त्याची अर्धायु सुमारे १५ तास. तो रक्तात साचत राहतो आणि तोही लॅट-१ च्याच खुर्च्या अडवतो. हे दार बंद करायला एंटाकॅपोन किंवा ओपिकॅपोन देतात, त्यानं प्रत्येक गोळी थोडी जास्त वेळ टिकते. मेंदूतलं डोपामिन मोडणारं मुख्य एन्झाइम म्हणजे माओ-बी. सेलेजिलिन, रासाजिलिन ही औषधं त्याला रोखतात. सगळ्या मोडतोडीतून शेवटी उरतं ते बहुतेक होमोव्हॅनिलिक आम्ल आणि त्याचं एक भावंड. ते पाण्यात विरघळणारं, मूत्रपिंडांतून गाळलं जाणारं. तोंडावाटे घेतलेल्या लेव्होडोपाचा मोठा भाग या रूपात दिवसभरात लघवीवाटे निघून जातो.

रंगाचं कोडंही इथेच सुटतं. लेव्होडोपा आणि त्याचे काही वंशज हवेतल्या ऑक्सिजननं काळवंडतात. कापलेलं सफरचंद ठेवलं की तपकिरी पडतं, त्याच प्रकारची ही रसायनक्रिया. लघवी करताना साधी पिवळी आणि भांड्यात थोडा वेळ राहिली की गडद, असं होतं. शौचालय धुवायला क्लोरीनचं द्रावण वापरत असाल तर ती आणखी काळी दिसेल. घामातही हे थोडं उतरतं. पांढऱ्या बनियनच्या काखेत तपकिरी डाग पडले म्हणून घाबरून आलेले लोक मी पाहिलेत. एंटाकॅपोन सुरू असेल तर लघवी नारिंगी-तांबूस होते. यातलं काहीही मूत्रपिंड बिघडल्याचं लक्षण नाही. मात्र लघवी कमी होतेय, जळजळतेय, रक्तासारखी लाल आहे, किंवा गडद रंगासोबत ताप आणि अंग दगडासारखं ताठ झालंय, तर तो रंग औषधाचा समजून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

राहिलं चूर्ण. खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा आहे, हे खरंच आहे. साधारणपणे बियांच्या वजनाच्या ३ ते ६ टक्के. तो मेंदूत पोचतो आणि कामही करतो, यातही शंका नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ रुग्णांना कधी जोडगोळी तर कधी ३० ग्रॅम चूर्ण दिलं. चूर्ण सरासरी ३५ मिनिटांत लागलं, गोळीला ६८ मिनिटं लागली, आणि चूर्णाचा परिणाम जास्त वेळ टिकला. हा आकडा सगळीकडे फिरतो. त्यासोबतचा दुसरा आकडा फिरत नाही: त्या ३० ग्रॅममध्ये १००० मिलिग्रॅम लेव्होडोपा होता आणि गोळीत २००. कार्बिडोपाशिवाय गळती भरून काढायला पाचपट माल घालावा लागला, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय ती एकेका डोसची गोष्ट. २०१८ साली १४ रुग्णांवर रोजच्या वापराचा अभ्यास झाला, चूर्ण आणि गोळी प्रत्येकी काही आठवडे. त्यातल्या सात जणांनी चूर्ण मध्येच सोडलं. चौघांनी पोटाच्या त्रासामुळे, तिघांनी हालचाल बिघडत गेल्यामुळे. मला त्यात नवल वाटलं नाही. गुगेनहाइमला जे झालं तेच.

नैसर्गिक असल्यानं त्याची वाट बदलत नाही, हे मुद्दाम सांगतो. बीतला लेव्होडोपा आणि गोळीतला लेव्होडोपा यांत रेणू म्हणून काहीही फरक नाही. तेच जठर, तेच हमाल, तीच खुर्ची, तीच काळी लघवी. बीत नसतो तो पहारेकरी, म्हणजे कार्बिडोपा. आणि कुठल्या झाडाच्या, कुठल्या जमिनीतल्या, कशा भाजलेल्या बियांचं चूर्ण आहे त्यावर लेव्होडोपाचं प्रमाण बदलतं. चमचा तोच, डोस निराळा. साठवण संपलेल्या मेंदूला नेमकी हीच अनिश्चितता सोसत नाही.

तरीही सुरू केलं असेलच, किंवा करायचंच असेल, तर डॉक्टरांपासून लपवू नका. मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकतात ते गुपचूप चूर्ण घेणारे रुग्ण: अंगाला अनावर हेलकावे सुरू होतात, मी गोळी कमी करतो, मग चूर्ण संपतं आणि माणूस अंथरुणाला खिळतो. गोळी एकदम बंद करणं तर अजिबात नको. त्यातून तीव्र ताठरता, ताप आणि भ्रम येऊ शकतो, तो जिवावर बेततो. आणि नैराश्यासाठी जुन्या प्रकारचं, दोन्ही माओ (माओ-ए आणि माओ-बी) रोखणारं औषध चालू असेल तर लेव्होडोपा कुठल्याही रूपात धोक्याचा. रक्तदाब भयानक चढतो.

आता घरी एक करा. पाच दिवस वहीत तीन रकाने पाडा: गोळी किती वाजता घेतली, जेवण किती वाजता आणि त्यात दूध-डाळ-अंडी-मांस किती, आणि गोळी लागली किती वाजता. ‘लागली’ची खूण तुमच्या वडिलांनी स्वतः निवडावी, बटण, सही, पेला न सांडता उचलणं, काहीही, पण रोज तीच. पहिले दोन दिवस आहे तसंच चालू द्या, पुढचे तीन दिवस दुपारची गोळी जेवणाआधी पाऊण तास. डोसला हात लावू नका. लांब चालणारी, म्हणजे सावकाश विरघळणारी गोळी असेल तर ती चावू किंवा कुटू नका. ती वही आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची डबी, लोहाच्या गोळीसकट, घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. तिसऱ्या रकान्यातली दुपारची वेळ सकाळच्या जवळ आली असेल, तर डोस वाढवायच्या आधी त्यांना ती दाखवा.